शोभेचें गणित

माघ-फाल्गुनाच्या सुमारास चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत सागाचीं पानें गळूं लागतात. पान हातभर लांब, वाळून ताठ झालेलें, कडा वर वळलेल्या. देंठ सुटला म्हणजे तें दगडासारखें सरळ खालीं येत नाहीं. एकदां डावीकडे झुकतें, क्षणभर हवेंत थबकतें, कोलांटी घेऊन उजवीकडे जातें, आणि अखेर खालच्या पाचोळ्यावर असें आपटतें कीं आलापल्लीच्या रानांतून एकदां चाललेला मनुष्य तो आवाज सहसा विसरत नाहीं. हें पान नेमकें कोठें पडेल तें आधीं सांगा, असें कोणी म्हटलें तर भल्या गणितज्ञाचीही तारांबळ उडेल.

संगणकावरील खेळांत मात्र हेंच काम दर क्षणीं करावें लागतें. पडद्यावरील भिंत फुटली म्हणजे विटांचे तुकडे उडावयाचे असतात, वाऱ्यानें कापड फडफडावयाचें असतें, धूर माणसाभोवतीं वळसा घेऊन पुढें जावयाचा असतो. हें सर्व चित्रकारानें आधींच काढून ठेवलें, तर भिंत प्रत्येक वेळीं अगदीं तशीच फुटते, आणि दुसऱ्या खेपेस मुलांच्या तें ध्यानांत येतें. देखावा खरा वाटावयाचा तर प्रत्येक तुकड्याची चाल त्या त्या वेळीं पदार्थविज्ञानाच्या नियमांनीं मोजून काढली पाहिजे. ह्या मोजणीकरितां, चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या जोडीला आणखी एक कार्ड बसवावें, अशी कल्पना सुमारें वीस वर्षांपूर्वीं निघाली. ती गाजली, मागें पडली, आणि २०२५ सालीं अकस्मात् पुन्हां चर्चेंत आली.

चंद्रपुरांतील एखाद्या सुशिक्षित घरांत हा प्रश्न रात्रीच्या जेवणाचे वेळीं निघतो, तो असा. मुलगा म्हणतो, ‘बाबा, जुन्या संगणकांतलें कार्ड काढून नव्यांत बसवूं द्या. धूर अगदीं खरा दिसेल.’ वडील म्हणतात, ‘एक कार्ड असतांना दुसरें कशाला? वीज काय फुकट येते?’ दोघांचेंही म्हणणें निम्में खरें आहे. उरलेलें निम्में समजून घ्यावयाचें तर थोडें गणित आणि थोडा इतिहास पाहावा लागेल.

प्रथम गणित. चलच्चित्रपटाप्रमाणें खेळांतही चित्रें एकामागून एक दाखविलीं जातात. सामान्यतः सेकंदास ६०. म्हणजे दोन चित्रांमधील अंतर सेकंदाचा साठावा भाग. उंचावरून सुटलेल्या विटेच्या तुकड्याचा वेग दर सेकंदास ९.८ मीटरनें वाढतो, हें शाळेंत शिकविलें जातें. तेव्हां एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत हा वेग सेकंदास सुमारें १६ सेंटिमीटर इतका वाढला. नवा वेग काढावा, त्यावरून तुकड्याची नवी जागा काढावी, वाटेंत जमीन अगर भिंत आडवी आली काय तें पाहावें, आणि आली असल्यास तुकडा योग्य त्या दिशेनें परत उसळवावा. इतकें केलें म्हणजे एका तुकड्याचें एका चित्रापुरतें काम संपलें.

हा हिशेब मॅट्रिकच्या विद्यार्थ्यास जड नाहीं. जड आहे ती संख्या. हजार तुकडे उडाले आणि त्यांतला कोणता कोणावर आदळतो तें तपासावयाचें, तर त्यांच्या जोड्या ४,९९,५०० होतात. त्या सेकंदांत ६० वेळां तपासावयाच्या, म्हणजे सुमारें ३ कोटी तपासण्या झाल्या. हा भार हलका करण्याची युक्ति वनखात्याच्या युक्तीसारखीच आहे. वनखातें जंगलाचे कक्ष पाडून त्यांना क्रमांक देतें; त्याचप्रमाणें खेळाची आज्ञावली लिहिणारे पडद्यामागील अवकाशाचे लहान लहान कक्ष पाडतात. एका कक्षांतील तुकड्यानें आपल्या व लगतच्या कक्षांतील तुकड्यांचीच विचारपूस करावयाची. दूरच्यांशीं त्याला कांहीं कर्तव्य नाहीं. कापडाचा हिशेबही असाच. कापड म्हणजे गांठींची जाळी मानावयाची. प्रत्येक गांठ शेजारच्या गांठींना लहान स्प्रिंगांनीं जोडलेली आहे असें समजावयाचें. आणि वारा, वजन व स्प्रिंगांची ओढ ह्यांची बेरीज करून गांठ कोठें सरकेल तें काढावयाचें. धूर म्हणजे वाऱ्याच्या प्रवाहांत सोडलेले हजारों कण. नियम थोडे व साधे. पण ते हजारों ठिकाणीं एकाच वेळीं लावावयाचे.

हें काम कोणावर सोंपवावें? चंद्रपूर-गडचिरोलीकडे उन्हाळ्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. गांवोगांवचीं कुटुंबें पहाटे रानांत जाऊन पानें तोडतात, घरीं त्यांचे पुडे बांधतात, आणि मग संकलन केंद्रावर ते मोजून वहींत नोंदविले जातात. वहीची नोंद एकामागून एक करावयाची असते. तेथें एक चोख मुनीम पुरे. त्याच वहीवर शंभर माणसें वांकलीं तर घोटाळाच व्हावयाचा. उलट, त्या एकट्या मुनिमाला रानांतलीं सगळीं पानें तोडावयास पाठविलें, तर हंगाम सरेल आणि पानें झाडावरच राहतील. संगणकांतील मुख्य प्रोसेसर हा असा मुनीम आहे. त्यांत गणना करणारे घटक थोडे, चार, आठ किंवा सोळा. पण प्रत्येक अत्यंत चपळ, आणि गुंतागुंतीचें काम क्रमानें उरकणारा. ग्राफिक्स कार्डांत असे घटक शेंकडों, कित्येकदां हजारों असतात. ते सर्वजण एकच क्रिया निरनिराळ्या आंकड्यांवर एकाच वेळीं करतात. धुराचे कण आणि कापडाच्या गांठी हें काम दुसऱ्या जातीचें, म्हणजे रानांत पानें तोडण्याच्या जातीचें आहे.

आतां इतिहास. ही गोष्ट हेरून अमेरिकेंत २००२ सालीं निघालेल्या एजिया नांवाच्या कंपनीनें केवळ पदार्थविज्ञानाचें गणित करणारें एक स्वतंत्र कार्ड तयार केलें. तिनें स्वित्झर्लंडमधील नोव्होडेक्स ही आज्ञावली २००४ मध्यें आपलीशी केली होती. तिलाच पुढें फिजएक्स हें नांव मिळालें. २००६ सालीं हें कार्ड बाजारांत आलें तेव्हां त्याची किंमत ३०० डॉलरच्या घरांत होती. हें कार्ड चित्र काढीत नसे. चित्र काढणारें निराळें, गणित करणारें निराळें, अशी ती कामाची वांटणी होती.

पण पहिल्याच परीक्षेंत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. ‘घोस्ट रिकॉन ॲडव्हान्स्ड वॉरफायटर’ ह्या खेळांत हें कार्ड लावल्यावर स्फोटांतून अधिक तुकडे उडत. परंतु खेळ अधिक वेगानें चालण्याऐवजीं मंद चाले. कारण सोपें आहे. लग्नाच्या पंगतीला आणखी एक आचारी आणला, त्यानें चार पदार्थ जास्त केले, आणि वाढपी मात्र तेवढेच ठेवले, तर पंगत लवकर उठणार नाहीं, उशीरच होईल. गणित करणाऱ्या कार्डानें तुकडे वाढविले, पण ते रंगवून पडद्यावर मांडण्याचें काम जुन्याच चित्रकार कार्डाच्या माथीं पडलें. एका ठिकाणचें ओझें कमी केल्यानें दुसऱ्या ठिकाणचें वाढत असेल, तर कामाची वांटणी नुसती कागदावर शोभते.

फेब्रुवारी २००८ मध्यें एनव्हिडिया ह्या ग्राफिक्स कार्डें बनविणाऱ्या कंपनीनें एजिया विकत घेतली, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें फिजएक्सचें गणित आपल्या जीफोर्स ८ व त्यापुढील मालिकांच्या कार्डांवर चालूं केलें. आतां स्वतंत्र कार्डाची गरज उरली नाहीं. एकच कार्ड चित्रही काढी आणि गणितही करी. मात्र दोन्हीं कामें एकाच्याच अंगावर पडलीं म्हणजे खेळ जड होई. तेव्हां कंपनीनें अशीही सोय ठेवली कीं, संगणकांत दोन कार्डें असल्यास नव्यानें चित्र काढावें आणि जुन्यानें गणित करावें. नवें कार्ड घेतल्यावर कपाटांत पडलेल्या जुन्या कार्डाला ह्यामुळें पुन्हां काम मिळालें. काटकसरी घरांना ही कल्पना आवडावी यांत नवल नाहीं. मात्र येथेंही एक अट होती. जुनें कार्ड फारच दुर्बळ असेल, तर त्याचें उत्तर येईपर्यंत बलवान् कार्ड हात बांधून बसून राही. आणि मग दोघांपेक्षां एकटाच बरा, असें म्हणण्याची पाळी येई.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. तें गणित खेळांत कशाला लावलें गेलें, हें पाहिल्याशिवाय मात्र ह्या इतिहासाचें मर्म हातीं लागत नाहीं.

२००९ सालच्या ‘बॅटमन : अर्कम असायलम’ ह्या खेळांत नायक चालूं लागला कीं जमिनीवरचे कागद उडत, धुकें त्याच्या पायांभोवतीं घोळे, कोळिष्टकें फाटत. त्याच वर्षीं संगणकावर आलेल्या ‘मिरर्स एज’मध्यें कापडें फडफडत आणि कांचा खळकन् फुटत. २०१२ च्या ‘बॉर्डरलँड्स २’मध्यें द्रव पदार्थ जमिनीवरून ओघळत. हें सारें मोहक खरें. परंतु ती सोय बंद केली तरी खेळ तोच राही, वाट तीच राही, हारजीतही तीच राही. कागद उडाले काय आणि न उडाले काय, नायकाचें कांहीं अडत नसे.

ह्याउलट २००४ सालचा ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ घ्यावा. त्याचें पदार्थविज्ञान डब्लिन येथें जन्मलेल्या हॅवॉक कंपनीच्या आज्ञावलीवर उभें होतें आणि साध्या मुख्य प्रोसेसरवर चाले. त्यांत एके ठिकाणीं वर चढावयाचें असतें, पण वाट नसते. असते ती सीसॉसारखी एक फळी. तिच्या एका टोकावर जड ठोकळे रचले तरच दुसरें टोक वर राहतें आणि चढतां येतें. तरफेचा नियम कळला नाहीं तर खेळ तेथेंच थांबला. म्हणजे येथें गणित थोडें, तुकडे थोडे, पण पदार्थविज्ञान खेळाच्या गाभ्यांत शिरलेलें. आणि त्या श्रीमंत कार्डावर तुकडे हजारों, पण पदार्थविज्ञान उंबऱ्याबाहेर रांगोळीसारखें काढलेलें.

असें कां व्हावें? खेळ करणाऱ्यांना कल्पना सुचली नाहीं म्हणून नव्हे. खेळ विकत घेणाऱ्या लक्षावधि लोकांपैकीं कित्येकांच्या संगणकांत दुसऱ्या कंपनीचें कार्ड असे, कित्येकांच्या संगणकांत साधेंच कार्ड असे, आणि त्या काळच्या प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० ह्या खेळयंत्रांत तर ग्राफिक्स कार्डावरील ह्या गणिताची सोयच नव्हती. पूल कोसळून नदी ओलांडण्याची वाट तयार व्हावी, आणि तो पूल विशिष्ट कार्ड असणाऱ्याच्याच पडद्यावर कोसळावा, असें केलें असतें तर बाकीचे खेळाडू काठावरच उभे राहिले असते. म्हणून खेळ रचणाऱ्यानें एक न्याय पाळला : जें सर्वांजवळ नाहीं, त्यावर हारजीत अवलंबून ठेवावयाची नाहीं. असलें साधन शोभेला वापरावें; गाभ्याला वापरूं नये. दुसऱ्या कार्डाचें गणित शोभेचें राहिलें तें अशक्त होतें म्हणून नव्हे, तर सर्वांच्या घरीं नव्हतें म्हणून.

ह्याला जोडून दुसरीही एक गोष्ट आली. जें साधन एकाच मालकाच्या हातीं असतें, तें त्याच्या मर्जीनें चालतें. २००९ सालीं एनव्हिडियानें असा बदल केला कीं, चित्र काढणारें कार्ड दुसऱ्या कंपनीचें असेल, तर शेजारीं आपलें कार्ड असूनही त्यावर फिजएक्सचें गणित चालूं नये. पैसे देऊन घेतलेलें कार्ड जागेवर असे, पण शेजारी कोण हें पाहून तें काम नाकारी. पुढें २०१० मध्यें डेव्हिड कँटर ह्या अभ्यासकानें दाखवून दिलें कीं, मुख्य प्रोसेसरवर चालणारी फिजएक्सची आवृत्ति जुनाट पद्धतीच्या सूचना वापरीत होती; त्यामुळें तेथें ती असावी त्याहून मंद होती. कालांतरानें ही आज्ञावली बरीच सुधारली, आणि डिसेंबर २०१८ मध्यें कंपनीनें तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला केला, हेंही येथें न्यायानें सांगितलें पाहिजे.

सन २०२५ च्या आरंभीं ह्या गोष्टीला नवीच कलाटणी मिळाली. त्या वर्षीं आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांत ३२-बिटी पद्धतीच्या जुन्या गणिताची सोय कंपनीनें ठेवली नाहीं. जुने फिजएक्स खेळ बहुतेक त्याच पद्धतीचे. परिणाम असा झाला कीं, अत्यंत महाग व अत्यंत बलवान् नव्या कार्डावर दहा-पंधरा वर्षांपूर्वींचा खेळ अडखळूं लागला, कारण धुराचें व कापडाचें गणित परत त्या एकट्या मुनिमाच्या माथीं आलें. तेव्हां लोकांना जुनी युक्ति आठवली. कोणी आपल्या आधींच्या पिढीचें एखादें लहान कार्ड दुसऱ्या खांचेंत बसविलें, गणित त्याच्याकडे दिलें, आणि खेळ पुन्हां सुरळीत चालला. नव्या घरांत जुन्या मोलकरणीवांचून चूल पेटूं नये, तसा हा प्रकार झाला. ह्या तक्रारींनंतर डिसेंबर २०२५ मध्यें कंपनीनें निवडक जुन्या खेळांपुरती ती सोय परत दिली. ‘बॉर्डरलँड्स २’ व ‘मिरर्स एज’ ह्यांचा त्यांत समावेश होता.

येथें असा समज होण्याचा संभव आहे कीं, हजारों लहान गणकांचें हें सारें गणित शेवटीं पोरखेळच. तसें नाहीं. महाराष्ट्रांतच त्याचें उत्तर आहे. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक विजय भटकर हे विदर्भांतील, अकोला जिल्ह्यांतल्या मुरंब्याचे. त्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्याचें तत्त्व हेंच : एक राक्षसी गणक न शोधतां अनेक लहान गणक एकत्र जोडावे आणि मोठें काम त्यांच्यांत वांटून द्यावें. त्याच संस्थेंतील परम सिद्धि ह्या यंत्राला नोव्हेंबर २०२० मध्यें जगांतील ५०० महासंगणकांच्या यादींत ६३ वें स्थान मिळालें. त्यांत वापरलेले गणक एनव्हिडियाचे, म्हणजे खेळांतील धूर व कापड मोजणाऱ्या घटकांच्याच कुळांतले आहेत. तेथें मात्र हें गणित शोभेचें नाहीं. तेथें तेंच मुख्य काम आहे. फरक कशानें पडला? तेथें यंत्र सामायिक आहे. काम करणाऱ्या प्रत्येकाला तेंच यंत्र मिळतें, तेव्हां निकाल त्यावर सोंपवितां येतो.

आतां चंद्रपूरच्या त्या घरांत परत जाऊं. मुलाचें ऐकावें कीं वडिलांचें?

दुसरें कार्ड लावावयाचें तर चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, दोन्हीं कार्डें एनव्हिडियाचीं असावीं आणि एकाच ड्रायव्हर-आज्ञावलीला मान्य असावीं. २०२५ सालीं कंपनीनें मॅक्सवेल व पास्कल ह्या जुन्या पिढ्यांसाठीं नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणें बंद केलें. तेव्हां फारच जुनें कार्ड नव्याच्या जोडीला नांदेल असें धरून चालूं नये. दुसरी, संगणकाच्या मदरबोर्डावर दुसरी खांच असावी. आणि ती भरल्यामुळें पहिल्या कार्डाचा माहिती वाहून नेण्याचा रस्ता निम्म्यानें अरुंद होत नाहीं ना, तें पाहावें. तिसरी, पॉवर सप्लायमध्यें पुरेसा जोर असावा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, मुलगा जो खेळ खेळतो तो त्या थोड्या जुन्या खेळांपैकीं आहे काय? नसेल तर दुसरें कार्ड नुसतें बसून राहील. आजचे बहुतेक खेळ पदार्थविज्ञानाचें गणित मुख्य प्रोसेसरवर करतात, किंवा चित्र काढणाऱ्या त्याच कार्डावर आपल्या निराळ्या रीतीनें करतात.

विजेचा हिशेबही करून पाहावा. सुमारें ७० वॅटचें एक लहान कार्ड रोज दोन तास पूर्ण जोरानें चाललें, तर महिन्याला ४.२ युनिट वीज लागते. आंकडा मोठा नाहीं. परंतु ज्या शहराच्या कडेला २,९२० मेगावॅटचें औष्णिक वीज केंद्र आहे, आणि ज्याच्या छपरांवर धुरांड्यांची राख बसते, त्या शहरांतील मुलाला एक युनिट म्हणजे कोठेंतरी जळलेला कोळसा, एवढें तरी ठाऊक असावें. शिवाय ते ७० वॅट अखेर उष्णता होऊन त्याच पेटींत, त्याच खोलींत उतरतात. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपुरांत पारा ४५ अंशांपलीकडे जाणें नवलाचें नाहीं. पेटीचा पंखा हवा थंड करीत नाहीं. तो फक्त ती हलवितो. खोलींतील हवा ४० अंशांची असेल, तर आंतलें कार्ड त्याहून थंड राहूंच शकत नाहीं. तेव्हां हा प्रयोग उन्हाळ्यांतील दुपारचा नव्हे.

ह्यावरून निवाडा असा निघतो. ह्या कामासाठीं नवें कार्ड विकत आणूं नये. येथें वडील बरोबर आहेत. पण योग्य पिढीचें जुनें कार्ड घरांतच पडलें असेल, तर दिवाळीच्या सुटींत तें बसवून पाहण्यास हरकत नाहीं. येथें मुलगा बरोबर आहे. मात्र वडिलांनीं एक अट घालावी. एका वहींत दोन रकाने आंखावे. एकांत दुसऱ्या कार्डाशिवाय सेकंदाला किती चित्रें मिळालीं तें लिहावें, दुसऱ्यांत त्याच्यासह किती मिळालीं तें. खेळांतील तीच जागा, तोच स्फोट, निदान पांच वेळां पाहून सरासरी काढावी. आणि तिसरा रकाना वडिलांनीं स्वतः भरावा : कोणतें कार्ड चालूं आहे हें न सांगतां त्यांना पडद्यासमोर बसवावें, आणि फरक दिसला काय तें त्यांनीं प्रामाणिकपणें लिहावें. वहींतील उत्तर कांहींही येवो, त्या सायंकाळीं मुलगा खेळापेक्षां अधिक कांहीं शिकलेला असेल, आणि बापलेकांचा वादही आंकड्यांनीं मिटलेला असेल.

शेवटीं त्या खेळ रचणाऱ्यांच्या न्यायाकडे एकदां वळून पाहणें इष्ट आहे. कारण तो न्याय खेळापुरता नाहीं. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइल फोनवर आले. चंद्रपूर शहरांत ज्या घरीं फोन, संगणक व जाळ्याची जोडणी होती, तेथील मुलांचा अभ्यास कसाबसा चालला. एटापल्ली-भामरागडकडील अनेक गांवांत फोनला खूणही मिळत नव्हती, आणि जेथें मिळे तेथें घरांत तसला फोन नसे. खेळ रचणाऱ्यांनीं जें केलें नाहीं, तें शाळेच्या बाबतींत घडून गेलें : जें सर्वांजवळ नव्हतें, त्यावरच मुख्य धडा ठेवला गेला, आणि कित्येक मुलें नदीच्या काठावर उभीं राहिलीं. फोनवरील चलच्चित्र हें धड्याची शोभा म्हणून उत्तमच होतें. पण तोच धडा झाला तेव्हां ज्याच्यापाशीं तें नव्हतें त्याच्या हातीं कांहींच उरलें नाहीं. अशा वेळीं जे शिक्षक पायीं किंवा दुचाकीवरून वाड्या-पाड्यांवर गेले आणि झाडाखालीं फळा टेकून बसले, त्यांनीं साध्या प्रोसेसरवर चालणारा खेळ निवडला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

नवें साधन हातीं आलें म्हणजे तें किती चमत्कार करतें, हें विचारण्याची आपणांस संवय आहे. तें किती जणांपाशीं आहे, हा प्रश्न त्याच्या आधीं विचारावयाचा असतो. उत्तर ‘थोड्यांपाशीं’ असें आलें तर साधन फेंकून द्यावयाचें नाहीं. त्याला रांगोळीची जागा द्यावी आणि उंबरा सर्वांसाठीं मोकळा ठेवावा. सर्वांपाशीं पोंचल्यावर तें आपोआप घरांत येईल. तोंवर सागाचें पान खालीं कसें येतें तें पाहावयाचें असेल, तर माघाच्या सकाळीं मुलाला घेऊन रानाच्या कडेला उभें राहावें. तो देखावा दाखवावयास कोणतेंच कार्ड लागत नाहीं. आणि पाहतां पाहतां त्या पानाचें गणित मांडण्याचा मोह त्या मुलाला झाला, तर तो अवश्य होऊं द्यावा.